चाखलेलंही अंगाला लागतं

आधी नाव लिहितो, मग काय झालं ते. इंदूमावशी. गाव पूर्णगड. आमच्या खाणावळीत भांडी घासतात. सकाळच्या एसटीने रत्नागिरीत येतात, संध्याकाळच्या एसटीने परत जातात. माझा उजवा पाय आज जाग्यावर आहे तो डॉक्टरांच्या औषधाने आणि इंदूमावशींच्या तोंडाने. डॉक्टरांचे उपकार मी नाकारत नाही, तेवढं धाडसही माझ्यात नाही. पण डॉक्टर महिन्यातून एकदा भेटायचे. मावशी रोज होत्या.

मी बिराप्पा. जत तालुक्यातला. शाळा सातवीत सुटली. बावीस वर्षं झाली, रत्नागिरीत स्वयंपाकी आहे. बायको, दोन मुलं आणि आई गावी असतात. मी वर्षातून दोनदा जातो, दिवाळीला आणि बिरोबाच्या जत्रेला.

माझ्या जखमेचं ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "तुझं लिहून दे. इथे बाकावर बसलेली माणसं वाचतील." मी नको म्हणत होतो. मला भीती वाटते, मी काहीतरी चुकीचं लिहीन आणि ते वाचून कोणी गोळ्या बंद करील. म्हणून हे पहिल्यांदा सांगून टाकतो. गोळी किंवा इंजेक्शन मी माझ्या मनाने एकदाही सोडलेलं नाही. जे कमी झालं ते डॉक्टरांनी कमी केलं. बाकी खाली लिहिलंय ते माझ्या एकट्याचं आहे.

कोकणचं पाणी मानवलं

मी रत्नागिरीत आलो तेव्हा माझ्या बरगड्या मोजता यायच्या. गावाकडे आम्ही भाकरी, चटणी आणि पाण्याची वाट बघणारी माणसं. इथे खाणावळीत लागलो आणि अंग भरायला लागलं. दर दिवाळीला गावी गेलो की पारावरची माणसं म्हणायची, "बिराप्पाला कोकणचं पाणी मानवलं की रं!" बायको सविता गालात हसायची. नवरा लांब आहे, पण उपाशी नाही, एवढं तिला माझ्या पोटावरून कळायचं. आई तर माझ्या दंडाला हात लावून बघायची, जसा बाजारात बैल बघतात. मला बरं वाटायचं. पोट म्हणजे कमाई, असं आमच्याकडे होतं. कोणी त्याला आजार म्हणत नव्हतं.

माझे वडील वाळकेच होते, तरी त्यांना साखर होती. त्यांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. ते काढायचं सोडून त्यावर हळद लावत बसले. आधी दोन बोटं गेली, मग घोट्यापासून पाऊल, मग गुडघ्यापासून पाय, मग ते. दोन दिवाळ्यांच्या मधे सगळं. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. शेवटी ते म्हणायचे, "बिरा, नसलेला पाय खाजतोय रं." मी तिथं, नसलेल्या जागी, चादरीवरून खाजवायचो.

हे मला माहीत होतं, तरी मी वागलो तसा वागलो. स्वयंपाक्यांची वर्षातून एकदा तपासणी होते, सर्टिफिकेट लागतं. सलग दोन वर्षं तिथे मला सांगितलं होतं, साखर जास्त आहे, बीपी आहे, मोठ्या डॉक्टरला दाखवा. मी तो कागद घडी करून खिशात घातला आणि शर्टाबरोबर धुऊन टाकला.

ज्या दिवशी कळलं

आमच्यात चुलीपाशी चप्पल घालत नाहीत. गॅसची भट्टी आली तरी तीच रीत. बावीस वर्षं मी भट्टीपुढे अनवाणी उभा आहे.

त्या दिवशी दुपारची वेळ, समोरच्या बँकेतल्या माणसांची ताटं चालू होती. मोठ्या पातेल्यातलं भाताचं पाणी मी वेळून काढत होतो. थोडं पायावर सांडलं असावं. असावं म्हणतो, कारण मला कळलंच नाही. मी आणखी दीड तास उभा होतो. मागून लादी पुसताना हाताला चिकट लागलं तशा इंदूमावशी ओरडल्या.

"अरे मेल्या, रगत कोणाचां ह्या?"

लादीवर भट्टीपासून मोरीपर्यंत माझ्या पावलांचे लाल ठसे होते. एकाच पावलाचे. मी वाकून बघायला गेलो, पण मला माझा पाय दिसेना. मधे पोट होतं. मावशींनी मला पोत्यावर बसवलं, पाय उचलून बघितला आणि काही बोलल्या नाहीत. ही बाई काही बोलली नाही, तेव्हाच मी घाबरलो. करंगळीजवळच्या बोटाची कातडी सुटून लोंबत होती आणि खाली मांस काळं होतं. ते आजचं नव्हतं, जुनं होतं. किती दिवसांचं, मला आजही माहीत नाही.

"दुखत नाय तुला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"दुखायला हवां रे."

मालक शेठनी रिक्षा बोलावली. सरकारी रुग्णालयात माझं वजन केलं, एकशे सोळा किलो. बोट टोचून साखर बघितली तर यंत्राने आकडा न दाखवता नुसतं 'हाय' दाखवलं. सिस्टरनी दुसऱ्या यंत्रावर पुन्हा बघितली. डॉक्टर मॅडम वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी मऊ दोऱ्यासारख्या काहीतरी वस्तूने माझ्या तळपायाला ठिकठिकाणी टोचलं आणि म्हणाल्या, "डोळे मिटा. कळलं की हो म्हणा." मी डोळे मिटून वाट बघत राहिलो. बऱ्याच वेळाने विचारलं, "मॅडम, सुरू कधी करणार?"

त्या म्हणाल्या, "झालं माझं."

वॉर्ड

बोट काढलं. ऑपरेशन छोटं होतं म्हणतात. मी फक्त एवढं विचारलं, की ते टाकतात कुठे. सिस्टर माझी चादर नीट करत राहिल्या.

वॉर्डात पहाटे पाचला बोट टोचायला यायचे, सातला चहा बिनसाखरेचा, दहाला राउंड, मग ड्रेसिंग. ड्रेसिंगच्या गाडीची चाकं करकरायची. तो आवाज आला की अख्खा वॉर्ड गप्प व्हायचा. मला दुखायचं नाही, म्हणून बाकीचे म्हणायचे, "नशीबवान आहेस बाबा." मी मान हलवायचो. शेजारच्या खाटेवर एक काका होते, बोटीवर जन्म काढलेले. ते म्हणाले, "आमच्याकडे जाळां फाटलां की मासा आवाज न करता जातो. तसां चाललाय तुझां." चौथ्या दिवशी त्यांना नेलं आणि परत आणलं तेव्हा चादर डाव्या बाजूला गुडघ्याच्या खाली सपाट होती. मी भिंतीकडे तोंड करून झोपलो. मला त्यांच्याकडे बघायला हवं होतं. बघितलं नाही. याची मला अजून लाज वाटते.

रक्त तपासणारे एक भाऊ होते. त्यांनी माझ्या रक्ताची नळी उजेडात धरून दाखवली. वर पांढरा थर होता, दुधावर साय धरावी तसा. मी स्वयंपाकी आहे, मला तवंग कळतो. असल्या तवंगाची आमटी मी कोणाला वाढली नसती.

मॅडमनी खाटेवर बसून सांगितलं. साखर, बीपी, रक्तातली चरबी, लिव्हरवरची चरबी, हे चार आजार दिसतात पण यांचं घर एकच, आणि त्यांनी टेप माझ्या पोटाभोवती गुंडाळली. अठ्ठेचाळीस इंच. "बोट गेलं. जखम भरली तर पाय राहील. साखर उतरली तर जखम भरेल. औषध मी देते. पण वजन उतरलं नाही तर औषध किती दिवस पुरणार?"

मी विचारलं, "चालू का रोज? पळू?"

"पावलावर भार टाकायचा नाही. जखम भरेपर्यंत चालणं बंद."

म्हणजे उपाय एकच उरला. तोंड.

सविता आली

घरी मी सांगितलं नव्हतं. फोनवर म्हणायचो, खाणावळीत गर्दी आहे. शेवटी शेठनीच फोन केला. सविता माझ्या मेव्हण्याला घेऊन आली. बारा तासांचा प्रवास करून. ती खाटेपाशी उभी राहिली, पट्टी बघितली. मला वाटलं रडेल.

"आमी तिकडं एका वक्ताचं धकवून तुमची वाट बघायची," ती म्हणाली, "आन् तुमी हितं खाऊन खाऊन पाय घालवला व्हय?"

मेव्हणा म्हणाला, "आक्के, गप."

"का गप? सासऱ्याचा पाय मी धुतलाय. वास मी घेतलाय. ह्यांनी न्हाई." मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "दुसऱ्यांदा मला जमायचं न्हाई. सांगून ठिवते."

ती चार दिवस राहिली. माझी सगळी सेवा केली, पण माझ्याशी सरळ बोलली नाही. जाताना आईचा निरोप सांगितला, की आईने तिकडे जेवण सोडलंय. मग मी रडलो. ज्यांच्या घरी आजार आहे त्यांना सांगतो, बायकोच्या रागाला राग समजू नका. ती भीतीच असते, तिला दुसरे कपडे मिळालेले नसतात.

दोन भाकऱ्या

सुट्टी मिळाली. शेठनी भट्टीपुढे उंच स्टूल करून घेतलं, मी बसून स्वयंपाक करायचा. मॅडमनी पायाला मऊ तळाची चप्पल दिली. शेठ अडले, "अन्नापाशी चप्पल कशी घालायची रे?" मावशींनी चप्पल राखेने घासून धुतली, माझ्या पायात घातली आणि शेठना म्हणाल्या, "ही बाहेर जायची नाय. आता ही चप्पल नव्हे, ह्याचा पाय आहे." शेठ गल्ल्यावर जाऊन बसले.

रोज तळपाय बघायचा, असं सांगितलं होतं. आरसा दिला होता. पण मला वाकता यायचं नाही आणि आरशात नीट कळायचं नाही. पहिल्याच संध्याकाळी एसटीला जायच्या आधी मावशी खाली बसल्या आणि माझा पाय मांडीवर घेतला. मी ओढून घेतला. थोरल्या बाईने माझ्या पायाला हात लावायचा?

"मावशी, पाप लागंल मला."

"तुझ्या बापाचा पाय कोणी बघितला नाय, त्याचां पाप कोणाला लागलां?" त्या म्हणाल्या. "आण हिकडे."

तेव्हापासून रोज. अंगठा फिरवत टाचेपासून बोटांपर्यंत जायच्या. "साफ आहे" म्हणायच्या आणि पिशवी उचलायच्या.

मी खाणं तोडलं. दुपारी एक भाकरी, संध्याकाळी एक भाकरी, पालेभाजी, थोडी डाळ. भात बंद, साखर बंद. मी देवाशपथ पाळलं. तीन महिन्यांनी तपासायला गेलो. वजन दीड किलोने कमी. तीन महिन्यांची साखर अकरा पॉईंट चार होती, ती दहा पॉईंट सहा. जखम तशीच उघडी, कडा पांढऱ्या.

मॅडम म्हणाल्या, "काय खाता?"

मी सांगितलं.

"खरं सांगा."

"मुलांची शपथ, मॅडम. दोन भाकऱ्या."

त्यांनी कागद खाली ठेवला. "दोन भाकऱ्यांची ही साखर नाही. जखम हाडाच्या दिशेने चालली आहे. दीड महिना थांबते. नंतर मला घोट्यापर्यंतचा विचार करावा लागेल."

घोट्यापर्यंत. वडिलांचंही दुसऱ्यांदा घोट्यापर्यंतच होतं. मी रिक्षात बसून खाणावळीत आलो आणि इंदूमावशींना म्हणालो, "मी उपाशी राहतोय आणि ही बाई मला खोटा म्हणते." मावशी हातातलं भांडं धूत राहिल्या. हसल्या मात्र. मला त्या हसण्याचा राग आला.

पातेलं

दुसऱ्या दिवशी मावशींनी मोरीजवळच्या फळीवर एक पातेलं ठेवलं. मी विचारलं नाही. कामाच्या गडबडीत त्या अधूनमधून उठायच्या, पळीने काहीतरी घ्यायच्या, पातेल्यात टाकायच्या.

तीन वाजता शेवटचं ताट गेलं. मावशी पातेलं घेऊन आल्या आणि माझ्या पुढ्यात आदळलं.

"ह्या कोणाचां जेवण?"

आत बघितलं. पोहे, उसळीचा रस्सा, डाळ, बटाट्याची भाजी, बांगड्याचं कालवण, भात, बुधवारचं गोड म्हणून शिरा, सगळं एकात एक कालवलेलं. वर भाताची खरवड. पातेलं पाऊण भरलं होतं.

"कोणाचं?" मी म्हटलं.

"तुझां. सकाळपासून तू चव घेतलीस तेवढीच पळी मी ह्यात टाकलीय. एक थेंब जास्त नाय. चहा ह्यात धरला नाय, तो सहा वेळा झाला."

शेठ, वाढपी, सगळे बघत होते. मला वाटलं अंगावर उकळतं पाणी पडलं, आणि हे पाणी मात्र मला कळलं. स्वयंपाक्याची चव म्हणजे काय खाणं असतं? बावीस वर्षांत तो विचारच माझ्या डोक्यात आला नव्हता. डाळ तीनदा बघायची, मीठ टाकायच्या आधी, नंतर, आणि वाढायच्या वेळी. रस्सा तसाच. भाजीची फोड शिजली का, एक तोंडात. शिरा गोड झाला का, दोन पळ्या. पातेल्याची खरवड टाकायची नाही, ती स्वयंपाक्याची, अन्न मोरीत गेलं तर पाप. हे सगळं मी काम समजत होतो. मी शपथ खोटी घेतली नव्हती. मला खरंच माहीत नव्हतं.

पण त्या वेळी मी हे बोललो नाही. मी म्हणालो, "तू भांडी घास. माझ्या भट्टीत डोकं घालू नको."

थोरल्या बाईला मी जन्मात कधी अगं-तुगं केलं नव्हतं. त्या दिवशी केलं, चारचौघांत.

मावशींनी पातेलं उचललं, बाहेर कुत्र्यांना घातलं, घासून पालथं ठेवलं. मग चार दिवस माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी मात्र खाली बसायच्या, पाय मांडीवर घ्यायच्या, अंगठा फिरवायच्या आणि काही न म्हणता एसटीला जायच्या. ते चार दिवस मला वॉर्डापेक्षा जड गेले.

पाचव्या दिवशी मी म्हणालो, "मावशी, चुकलो. पण चव घेतल्याशिवाय स्वयंपाक कसा करू? हात बिघडला तर शेठ ठेवतील का मला?"

त्या भांडी घासत तशाच म्हणाल्या, "शेठच्या घरचा गणपती येतो. नैवेद्य कोण रांधतां?"

"मीच."

"चाखतोस?"

"नैवेद्य कोणी चाखतं का मावशी!"

"पाच दिवस न चाखता रांधतोस. देवानं कधी ताट सरकवलां? मीठ कमी आहे म्हणून?"

मी हातातली पळी खाली ठेवली.

"देवाला वासावर जेवण घालतोस नि ह्या बँकेतल्या माणसांना पळी पळी चाखून? ती काय देवापेक्षा मोठी लागून गेली? रोज नैवेद्य समज मेल्या."

रोजचा नैवेद्य

आणि मी तेच केलं. सकाळी आंघोळ करून भट्टीपुढे बसलो की हातात पळी, पण तोंडाला काही नाही. लिहायला सोपं आहे. पहिल्या आठवड्यात सारखी पळी खाली ठेवावी लागायची. हात आपोआप तोंडाकडे जायचा. तिसऱ्या दिवशी डाळीत मीठच पडलं नाही. एक गिऱ्हाईक ओरडलं, "काय, खाणावळ आहे की पथ्याचा दवाखाना?" शेठ आत आले. "बिराप्पा, पाय वाचव रे, पण माझी खाणावळ बुडवू नको."

मग मी मीठ, तिखट, गूळ सकाळीच वाट्यांत मोजून ओळीने मांडायला लागलो. वाटी रिकामी म्हणजे मीठ पडलं. उरलेलं काम नाकाने करायचं. कालवणात तिरफळ उतरलं की वास बदलतो, डाळ शिजली की बुडबुडा जड होतो. हे माझ्या नाकाला, कानाला माहीत होतं, जिभेने त्यांना कधी बोलू दिलं नव्हतं. वाढायच्या आधी मावशी तळहातावर थेंबभर घेऊन बघायच्या आणि मान हलवायच्या. माझं ताट मी वेगळं काढायला लागलो: नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, भाजी, आणि एक बांगडा, तव्यावर थेंबभर तेलात. जे ताटात नाही ते तोंडात नाही. खरवड मावशी माझ्यासमोर भिजत घालायच्या, म्हणजे मोह नको. आणि पापही नको म्हणून ती गाईला.

वाईट दिवस होते. भूक लागायची नाही, पण तोंड मोकळं राहिलं की मला एकटं वाटायचं. मला तेव्हा कळलं, की मी बावीस वर्षं घराची आठवण आली की पळी तोंडात घालत होतो. एकदा इंजेक्शन घेतल्यावर जेवायला उशीर झाला आणि घाम फुटून हातपाय लटपटले. साखर खाली गेली होती. मॅडमनी लगेच इंजेक्शन कमी केलं. म्हणून पुन्हा सांगतो, खाणं कमी करताय तर डॉक्टरांना आधी सांगा.

दीड महिन्याने वजन सहा किलो उतरलं होतं. मॅडमनी जखमेत सळई घालून बघितली. मी छताकडे बघत होतो. त्या म्हणाल्या, "हाडाला लागलेलं नाही. थांबू या."

मी बाहेर येऊन सविताला फोन केला. "थांबू या म्हणाल्या," मी म्हटलं. मग ती म्हणाली, "काय खाल्लं आज?" मी एक एक सांगितलं. त्या दिवसापासून ती रोज विचारते आणि मी रोज सांगतो. लग्नाला सतरा वर्षं झाली, आमचं एवढं बोलणं कधी झालं नव्हतं.

आकडे

लोक आकडे विचारतात, म्हणून लिहितो. अकरा महिने झाले. वजन सत्त्याण्णव. पोट बेचाळीस इंच. तीन महिन्यांची साखर आधी आठ पॉईंट एक झाली, आता सहा पॉईंट नऊ. बीपीच्या दोन गोळ्यांची एक झाली. इंजेक्शन बंद, मॅडमनी केलं. रक्त तपासणाऱ्या भावांना मी नळी दाखवा म्हणालो. साय नव्हती. लिव्हरवरची चरबी पूर्वी जास्त लिहिली होती, आता कमी लिहिली आहे. जखम आठव्या महिन्यात बंद झाली. आता चालायची परवानगी आहे, सकाळी मांडवीच्या बंदरापर्यंत हळूहळू जातो आणि येतो.

मी मॅडमना विचारलं, "बरा झालो का?" त्या म्हणाल्या, "बरा झालो म्हणू नका. ताब्यात आहे म्हणा. वजन परत आलं की हे सगळे परत येतील, त्यांना घर माहीत आहे."

बोट परत आलं नाही. पायातली जाणीवही परत आली नाही, येणार नाही असं म्हणतात. डोळ्यांच्या पडद्यावर दोन ठिपके आहेत, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं आहे. शेजारच्या खाटेवरचे काका गेले, मला ड्रेसिंगच्या बाकावर कळलं. दिवाळीला गावी गेलो तर पारावरच्या माणसांनी विचारलं, "काय रं, मोठा रोग हाय का अंगात? पार वाळलास!" आई त्यांच्यावर धावून गेली. "माझं पोरगं वाळलं न्हाई, वाचलंय!" म्हणाली. मी मात्र अजून घाबरतो. रोज. घाबरणं हेही आता माझं एक औषध झालंय.

मागच्या आठवड्यात

आता मला वाकता येतं. मांडी घालून बसलो की तळपाय वळवून मी स्वतः बघू शकतो. ज्या दिवशी पहिल्यांदा मला माझी टाच दिसली, त्या दिवशी मी तिच्याकडे लहान पोरासारखा बघत बसलो होतो. तरी संध्याकाळी मावशी बसायच्या, मी पाय द्यायचो. आता तो पाया पडण्यासारखाच एक भाग झाला होता, फक्त उलटा.

मागच्या आठवड्यात मी दुपारी बघितलं तर टाचेच्या कडेला लाल डाग होता, रुपयाएवढा. नवी चप्पल घासली होती. कातडी गुळगुळीत, पण लाल. संध्याकाळी मी मुद्दाम काही बोललो नाही. मावशींनी पाय मांडीवर घेतला, अंगठा टाचेवरून नेला, त्या डागावरून नेला, पुढे गेल्या.

"साफ आहे."

"मावशी," मी म्हटलं, "हे लाल दिसलं नाही?"

त्यांचा हात थांबला.

"खयसर?"

मी त्यांचा अंगठा धरून डागावर ठेवला. त्यांनी पाय खिडकीच्या उजेडात ओढला, मान तिरकी केली, एक डोळा मिटला, मग दुसरा. मग पाय खाली ठेवला.

"डोळ्यांत मोती आलाय दोन वर्षां," त्या म्हणाल्या. "रंग कळत नाय मला. उंच-सखल कळतां, गरम-गार कळतां. हातान बघत होत्ये."

"सगळे महिने?"

"मग? जखम हाताला कळते. भांड्याचा डाग मी हातानंच बघते, तुझा पाय काय मोठा!" आणि हसायचा प्रयत्न केला. मग म्हणाल्या, "आज चुकलां. चुकलां रे माझां."

मी विचारलं, ऑपरेशन का केलं नाही. मुलगा मुंबईला, सून तिकडेच. ऑपरेशननंतर डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही, धूर नको, वाकायचं नाही, थेंब दिवसातून चार वेळा घालायचे. "भांडी कोण घासणार? थेंब कोण घालणार? भिंत?" असं म्हणून त्या एसटीला गेल्या. रस्ता ओलांडताना त्या आधी थांबतात, कान देतात, मग पाऊल टाकतात. हे मी दोन वर्षांत बघितलं नव्हतं, किंवा बघितलं आणि कळलं नाही.

डागाचं मॅडमनी बघितलं. चप्पल बदलली. डाग गेला.

मावशी, तुम्हाला हे सिस्टर वाचून दाखवतील. रागावू नका, तुमचं डोळ्यांचं मी चव्हाट्यावर मांडलं. मी फेडणार आहे. कधी ते मला सांगता येत नाही, कारण तुम्ही अजून हो म्हणत नाही. पण ज्या दिवशी म्हणाल त्या दिवशी मी तुम्हाला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन जाईन आणि बाहेर बाकावर बसून राहीन. तुम्ही परत कामावर येईपर्यंत तुमच्या मोरीवर मी बसेन. सगळी भांडी माझी. कामानंतर एसटीने पूर्णगडला येईन, थेंब घालीन, मुक्काम करीन, सकाळचे थेंब घालून परत फिरेन. दुपारचे घालायला शेजारणीला मी आधीच सांगून ठेवलंय, तुम्हाला न विचारता. तोंड करायचं तेवढं करा. आणि पट्टी सुटेल तेव्हा मी तुमच्या समोर उभा असेन, दोन्ही पायांवर.